शाळा सोडल्यानंतरची तीन वर्षं: नागपुरातल्या एका कुटुंबाचं प्रकरण

मानेवाडा भागात राहणारं हे कुटुंब. वडील एका कंपनीत मेंटेनन्सला, आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळच्या पाळीला, पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा, आणि दोन मुलं. प्रकरण सुरू झालं तेव्हा थोरली दहा वर्षांची होती, इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेत पाचवीत. धाकटा पहिलीत. कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी गणित शिकवते आणि शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलांच्या अभ्यासाची आखणी करायला पालकांना मदत करते. त्या निमित्ताने या घरात माझं येणंजाणं सुरू झालं.

थोरलीचे गुण वाईट नव्हते. इंग्रजी धडा ती घडाघडा वाचायची, पण पुस्तक मिटून "काय होतं गं त्यात?" असं विचारलं की गप्प. घरात मराठी, गल्लीत हिंदी-मराठीची सरमिसळ आणि शाळेत फक्त इंग्रजी, अशा तीन भाषांमध्ये तिचं स्वतःचं बोलणंच आटत गेलं होतं. रविवारी संध्याकाळी पोट दुखायचं. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. शाळेने सल्ला दिला, घरी इंग्रजीत बोला. आजोबांना ते जमणारं नव्हतं आणि आईला पटणारं नव्हतं. पाचवीचं वर्ष संपल्यावर तिला शाळेतून काढायचं ठरलं. धाकट्याला मात्र त्याच वर्षी घराजवळच्या मराठी शाळेत घातलं. तो तिथे रमला, आजही तिथेच आहे. एकाच घरात एक मूल शाळेत आणि एक घरी, हे नातेवाइकांना फार खटकलं. मला हा निर्णय या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण तो मुलांकडे बघून घेतलेला होता. शाळेविषयीच्या कुठल्या तत्त्वाशी त्याचा संबंध नव्हता.

आधी कागद

पालक माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, कुठला ऑनलाइन प्रोग्राम घ्यावा. मी त्यांना आधी दाखल्याबद्दल विचारलं. मुलीचं नाव शाळेच्या पटावर तसंच होतं आणि "नंतर बघू" असं चाललं होतं.

महाराष्ट्रात शाळा सोडल्याचा दाखला हा फार मोठा कागद आहे. जन्मतारीख आणि जन्मस्थान त्यावर असतं, जातीची नोंद असते. पुढे जातीचा दाखला, मग जात पडताळणी, मग प्रवेशातलं आरक्षण या सगळ्यासाठी शाळेची नोंद मागितली जाते. हे कुटुंब इतर मागासवर्गातलं. मुलगी पाचवीपर्यंत शाळेत होती ही त्यांची मोठी जमेची बाजू, कारण नोंद झालेली होती. दाखल्यावर आईचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, जन्मतारीख सगळं जन्मदाखल्याशी ताडून घ्यायला मी सांगितलं. आडनावात एक अक्षर चुकलेलं निघालं आणि ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घेता आलं. दहावीच्या अर्जाच्या वेळी हेच काम महिनोन्महिने रखडतं. ज्या मुलांचं नाव कधीच कुठल्या शाळेत नव्हतं, त्यांच्या पालकांनी तर या बाबतीत अधिकच जागं राहायला हवं.

दुसरी भीती कायद्याची. शिक्षणहक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्याचं कलम १० म्हणतं. पालकाने तसं केलं नाही तर त्याला शिक्षा काय, याची तरतूद त्या कायद्यात नाही. घरी शिकवण्याला स्पष्ट मान्यता नाही, गुन्हा म्हणूनही ते कुठे लिहिलेलं नाही. दिल्ली उच्च न्यायालयात हा प्रश्न गेला होता. तेव्हा २०१२ मध्ये केंद्राने आधी घरशिक्षणाला अनुकूल प्रतिज्ञापत्र दिलं आणि पुढे ते मागे घेतलं. त्यामुळे "होमस्कूलिंग पूर्ण कायदेशीर आहे" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर पालकांनी विसंबू नये. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कोणी दारात आलं तर दाखवायला वह्या, वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि पुढच्या परीक्षेचा बेत हाताशी असावा. या घरात आजोबांनी पहिल्या आठवड्यापासून एक रजिस्टर ठेवलं. तारीख, काय केलं, किती वेळ, कुठे अडलं. पोस्टातली सवय, एक दिवस कोरा नाही.

त्याच कायद्याचं कलम ४ पालकांना सहसा माहीत नसतं. शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा आणि मागे पडलेलं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क त्यात आहे. म्हणजे चौदाव्या वर्षापर्यंत परतीचं दार उघडं असतं. हे कळल्यावर आईच्या खांद्यावरचं ओझं निम्मं उतरलं. घाबरून घेतलेले निर्णय नेहमी महाग पडतात, पैशानेही.

पॅकेज आलं आणि गेलं

तरीही पालकांनी एक प्रोग्राम घेतलाच. वर्षभराचं शुल्क आगाऊ भरलं. अमेरिकेतला तयार अभ्यासक्रम: रोजचे व्हिडिओ, प्रत्येक धड्यानंतर पर्याय निवडायची प्रश्नमंजूषा, आणि पालकांना मोबाइलवर प्रगतीचा तक्ता. मुलगी रोज चार तास लॅपटॉपपुढे बसायची. तक्त्यावर सगळं हिरवं. वडील खूश होते.

गणितात इंच, पौंड, गॅलन. पैशांच्या उदाहरणांत क्वार्टर आणि डाइम. ही नाणी तिने कधी हातात धरली नव्हती आणि धरण्याची शक्यताही नव्हती. हा दोष कार्यक्रमाचा म्हणता येणार नाही. तो तिथल्या मुलांसाठी बनलेला आहे आणि तिथे उपयोगीही पडत असेल. इथे अडचण अशी झाली, की मुलगी पुन्हा तेच करू लागली जे शाळेत करत होती: अर्थ बाजूला ठेवून उत्तरापर्यंत पोचणं. चार पर्यायांतले दोन वगळायचे आणि उरलेल्यांत अंदाज लावायचा, यात ती तरबेज झाली.

हे उघड झालं एप्रिलच्या एका दुपारी. घरात मोठा डेझर्ट कूलर. त्या आठवड्यात घनफळाचा धडा होऊन तिला पूर्ण गुण मिळाले होते. आजोबांनी टेप आणून टाकी मोजायला सांगितली. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ६०, पाणी भरायचं २० पर्यंत. तिने लगेच गुणाकार केला, ७२,०००. आजोबा म्हणाले, "बरोबर. आता टाकी भरायले बादल्या किती लागतील, सांग बरं."

"बहात्तर हजार," ती म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर शंकेची एक रेषही नव्हती, हे मला आईने नंतर सांगितलं. रोज संध्याकाळी तीच बादल्या ओतायची, तरी ते आकडे आणि ते पाणी यांचा काही संबंध आहे हे तिच्या गावीही नव्हतं. आजोबा रागावले नाहीत. लिटरची बाटली दिली आणि बादलीत किती मावतं ते मोजायला लावलं. पंधरा बाटल्या. मग हजार घनसेंटिमीटर म्हणजे एक लिटर, हे त्याच बाटलीवरून. ७२ लिटर, म्हणजे चार बादल्या भरून आणि पाचवी जरा कमी. तिने ओतून पाहिलं आणि पाणी खुणेला लागलं.

तिथून पुढचे दोन महिने कूलर हाच तिचा विज्ञानाचा वर्ग झाला, तोही कोणी न ठरवता. टाकीत पट्टी उभी चिकटवली आणि दर तासाला पातळी नोंदवायला लागली. मे महिन्यातल्या भर दुपारी तासाला जवळपास ३ सेंटिमीटर पाणी उतरायचं, म्हणजे ११ लिटरच्या आसपास. रात्री कमी. जूनच्या शेवटी ढग आले, हवा दमट झाली, तेव्हा पाणी निम्म्यानेही उतरेना आणि कूलर गारही करेना. "पाणी वाचून राहिलं, तरी गरम काहून होऊन राहिलं?" हा तिचा प्रश्न होता. बाष्पीभवन, आर्द्रता, उष्णता शोषली जाणं, हे सगळं या एका प्रश्नाच्या पोटात होतं. मी आलेखाचा कागद दिला. तिने काढलेला तो आलेख तिच्या नोंदवहीत अजून आहे आणि कुठल्याही प्रश्नमंजूषेपेक्षा मला तो मोलाचा वाटतो.

पॅकेजचं उरलेलं वर्ष वाया गेलं. पैसे परत मिळाले नाहीत.

मग काय वापरलं

कुठलंही साधन घेण्याआधी दोन गोष्टी ठरलेल्या असाव्यात असं माझं मत आहे: मूल नेमकं कुठे अडलंय, आणि त्याच्या शेजारी कोण, किती वेळ बसणार. हे ठरलं की साधन निवडणं सोपं जातं आणि बहुतेक वेळा ते फुकट मिळतं. या घरात सकाळी आजोबा असत, दुपारी एकनंतर आई. वडील रविवारी.

पाया म्हणून बालभारतीची पुस्तकं घेतली. बालभारतीची स्थापना १९६७ची, पुण्याची; तिची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. आम्ही गणित आणि विज्ञानाची मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली. आधी मराठीत समजून घ्यायचं, मग तेच पान इंग्रजीत वाचायचं आणि संज्ञा वहीत जोडीने लिहायच्या. सेमी इंग्रजीची मुलं जे वर्गात करतात तेच, पण तिच्या वेगाने. अपूर्णांक आणि दशांश यांसाठी पाचवीत मागे जावं लागलं. शाळेत असती तर ते शक्यच नव्हतं.

मराठी वाचनही कच्चं होतं, जोडाक्षरांवर अडखळायची. त्यासाठी 'किशोर' मासिकाचे जुने अंक उपयोगी पडले. बालभारतीचं हे मासिक १९७१पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर वाचता येतात. आजोबा आणि ती आळीपाळीने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचत.

इंग्रजीसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. २०१५ साली सुरू झालेल्या या व्यासपीठावर मुलांची पुस्तकं अनेक भारतीय भाषांत आहेत, चार वाचनस्तरांत लावलेली, आणि खुल्या परवान्यामुळे छापून घेतली तरी चालतात. तीच गोष्ट आधी मराठीत वाचायची, आईला तोंडी सांगायची, मग इंग्रजीत वाचायची. आईची अट एकच होती, सांगताना पुस्तक मिटलेलं पाहिजे. पहिले काही महिने ती दोन वाक्यांच्या पुढे जात नव्हती. दिवाळीनंतर एकदा ती एक गोष्ट धाकट्याला रंगवून सांगत बसली होती, तेव्हा आईने मला फोन केला.

खान अकॅडमी ही मोफत धडे आणि सराव देणारी वेबसाइट ठेवली, पण फक्त सरावापुरती आणि रोज अर्ध्या तासावर नाही. चुकलेलं प्रत्येक उदाहरण वहीत उतरवायचं आणि का चुकलं ते एका ओळीत लिहायचं. नुसतं पुन्हा प्रयत्न करत राहिलं की तिथेही अंदाजाचा खेळ सुरू होतो. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची टाकाऊतली खेळणी वडिलांनी हाती घेतली. सेल, चुंबक आणि तांब्याची तार घेऊन मोटर बनवताना तारेच्या टोकावरचा लाखेचा थर एका बाजूने नीट खरवडला नाही तर ती फिरत नाही. दिवसभर मोटरी दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपलं काम मुलीला दाखवायची ती पहिलीच संधी होती.

नागपूर हे स्वतःच मोठं साधन आहे आणि त्याचा वापर फार कमी होतो. रमण विज्ञान केंद्र सगळ्यांना ठाऊक असतं, पण तिथे एकदा जाऊन सगळं बघण्यात अर्थ नाही. ही दोघी मायलेकी एका वेळी एकच दालन बघायच्या. सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, ती चित्रं काढायला बसायची. ते १८६३ सालचं. ज्यांच्या नावाने इथलं हिस्लॉप कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप त्याच वर्षी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. ही हकीकत वाचल्यावर तिला शिळावर्तुळं बघायचीच होती. काटोल रोडवरच्या जुनापाणीला ती शेकड्यांनी आहेत, लोहयुगातल्या माणसांची दफनस्थळं.

तिथे आम्ही दोरी नेली होती. एका वर्तुळाचा व्यास मोजला, मग शिळांच्या कडेने दोरी फिरवून परीघ. भागाकार ३.२ आला. दुसऱ्याचा ३.१. तिसरं मोडकळलेलं होतं, त्याचा ३.४. तिने विचारलं, खरा आकडा कुठला? शिळा ओबडधोबड आहेत, दोरी सैल पडते, म्हणून मोजमाप हलतं. मग जितकी जास्त वर्तुळं मोजू तितका अंदाज सुधारेल का? सरासरी आणि मोजमापातली त्रुटी या दोन्ही गोष्टी तिने तिथे उन्हात उभं राहून स्वतः मांडल्या. पाय (π) हे चिन्ह मी त्यानंतर सांगितलं.

सेवाग्रामलाही हे कुटुंब जाऊन आलं. हाताच्या कामातून आणि मातृभाषेतून सात वर्षांचं शिक्षण, ही गांधीजींच्या नई तालीमची मांडणी ऑक्टोबर १९३७च्या वर्धा परिषदेतली, नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवरची. परदेशी पॅकेजं शोधणाऱ्या विदर्भातल्या पालकांनी एकदा तरी तिथे जावं असं मला मनापासून वाटतं.

जे जमलं नाही

सोबतीचा प्रश्न पुरता सुटला नाही. सकाळी गल्ली ओस पडायची आणि सहावी-सातवीच्या वयात मैत्रिणी लागतात. मानकापूरच्या क्रीडा संकुलात बॅडमिंटनला घातलं. तिथे ओळखी झाल्या, पण त्या तासापुरत्या. शहरातली आणखी काही घरी शिकणारी कुटुंबं भेटली. त्यांच्यातली बहुतेक मुलं इंग्रजीत बोलणारी होती, तिथे ती पुन्हा मिटली. मराठीतून घरी शिकणाऱ्या मुलांचा गट नागपुरात उभा राहायला हवा, ही माझी स्वतःची तळमळ आहे.

आईने एका वर्षानंतर नोकरीचे तास कमी केले आणि पगार कमी झाला. घरशिक्षण फुकट होतं असं म्हणताना हा खर्च कोणी धरत नाही. तो बहुधा आईच्याच वाट्याला येतो. आजोबा आजारी पडले त्या दोन महिन्यांत अभ्यास जवळजवळ थांबला. तेव्हा पाचवी-आठवीला असलेल्या शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज शाळेमार्फत भरले जात, त्यामुळे ती वाट तिला बंद राहिली. तिचं लिखाणही अजून मागे आहे. तोंडी सुंदर सांगते, कागदावर चार ओळींत आटपते.

पुढची परीक्षा

तेरा वर्षं पूर्ण झाल्यावर तिचा महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या आठवीच्या परीक्षेचा अर्ज भरला. पुण्याच्या या मंडळातर्फे पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा चार परीक्षा होतात. पाचवीला दहा आणि आठवीला तेरा वर्षं वय पूर्ण लागतं. दाखला आणि आधार यांवरचं नाव जुळत होतं, म्हणून काम एका बैठकीत झालं.

दहावीसाठी तीन पर्याय समोर आहेत. राज्य मंडळाच्या नेहमीच्या परीक्षेला सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसणं हा पहिला. त्यात मूळ दाखला लागतो आणि सगळे विषय एकदमच अंगावर येतात. दुसरा राज्याच्याच मुक्त मंडळाचा. तिसरा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, एनआयओएसचा. १९८९ साली स्थापन झालेल्या या संस्थेत चौदा वर्षं पूर्ण झाली की माध्यमिकला प्रवेश मिळतो आणि मराठी माध्यमही आहे. पाच विषय घ्यायचे, त्यांत भाषा एक किंवा दोन. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्या काळात नऊ संधी मिळतात, म्हणून एका वेळी दोन विषय देऊनही पुढे सरकता येतं. थोरलीच्या स्वभावाला हे मानवेल.

वडिलांचा कल सतरा नंबरच्या फॉर्मकडे आहे, कारण "एसएससी बोर्ड" हे शब्द नातेवाइकांना कळतात. मी एनआयओएस सुचवलं आहे, पण एका अटीवर. तिथे गणित आणि विज्ञान न घेताही पाच विषय पूर्ण करता येतात. ही सवलत अनेक पालक आनंदाने घेतात आणि अकरावीला सायन्स किंवा पॉलिटेक्निकचा विचार आला की अडकतात. थोरलीला आत्ता यंत्रं आवडतात. दोन्ही विषय ठेवायचे, आणि गणित अगदी शेवटच्या खेपेला द्यायचं, म्हणजे तयारीला सगळ्यात जास्त वेळ मिळेल. आठवीचा निकाल लागल्यावर पाच जण एकत्र बसून ठरवतील. तोवर रोज सकाळी अर्धा तास लिखाणाचा ठेवला आहे: आदल्या दिवशी जे तोंडी सांगितलं, तेच दुसऱ्या दिवशी एका पानात.